शिकागोतले चार कुत्रे

'मधुमेह' हा शब्द नीट पाहिला तर त्यात रोगापेक्षा रोगाची तपासणीच जास्त दिसते. मेह म्हणजे लघवी, मधु म्हणजे मध. चरकसंहितेत प्रमेहाची पूर्वलक्षणं सांगताना रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात असं म्हटलेलं आहे. युरोपातल्या डॉक्टरांनी 'डायबेटिस'ला जोडलेल्या 'मेलिटस' या शेपटाचा अर्थही मधाळ असाच. म्हणजे कित्येक शतकं या रोगात डोकावून बघायला एकच खिडकी होती, लघवीची. आता आपण 'काकांना शुगर आहे' म्हणतो आणि 'उपाशीपोटी एकशे चाळीस, जेवणानंतर दोनशे दहा' असे आकडे चहा घेता घेता एकमेकांना सांगतो. ते आकडे रक्ताचे असतात. मधे कधीतरी खिडकी बदलली. ती बदलायच्या थोडंसं आधी, शिकागो विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याच्या हाती बहुधा इन्सुलिन लागलं होतं. त्याला ते सिद्ध करता आलं नाही.

अर्नेस्ट लायमन स्कॉट हे त्याचं नाव. मी मराठीत ते कुठे वाचलेलं आठवत नाही. इंग्रजीतही इन्सुलिनच्या गोष्टीत तो एखाद्या परिच्छेदापुरता येतो, आणि पुढच्याच पानावर टोरांटो सुरू होतं.

मी डॉक्टर नाही, इतिहासाचा अभ्यासकही नाही. सर्व्हरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. आतमध्ये काय चाललंय ते बाहेर बसलेल्या माणसाला कळावं, एवढंच त्याचं प्रयोजन. गेल्या वर्षी आत्याच्या दंडावर डॉक्टरांनी साखर मोजणारा एक बिल्ला चिकटवला. तिच्या मोबाइलवर सरकत जाणारा तो आलेख माझ्या ऑफिसातल्या आलेखांसारखाच दिसतो. पोहे खाल्ले की टेकाड, फिरून आली की उतार. ते बघता बघता मी मायकल ब्लिस या कॅनडातल्या इतिहासकाराच्या 'द डिस्कव्हरी ऑफ इन्सुलिन' या पुस्तकापर्यंत पोचलो आणि तिथे स्कॉट भेटला.

गोष्ट थोडी मागून सांगायला हवी. 1889 साली स्ट्रासबुर्गमध्ये मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं आणि त्याला भयंकर मधुमेह झाला. स्वादुपिंड पाचक रस बनवतं हे आधीच ठाऊक होतं. आता दिसलं की ते आणखी काहीतरी करतं, ज्यामुळे शरीराला साखर वापरता येते. ते 'काहीतरी' थेट रक्तात मिसळत असावं, असा तर्क लवकरच रूढ झाला. मग उपाय सोपा वाटतो. गुरांचं स्वादुपिंड खाटकाकडून आणा, वाटा, गाळा, टोचा. पुढची 20-25 वर्षं अनेकांनी हेच केलं आणि बहुतेकांच्या हाती काही लागलं नाही. ग्रंथी वाटली की तिच्यातलाच पाचक रस त्या 'काहीतरी'चा फडशा पाडतो, हे त्यामागचं एक कारण.

स्कॉट शिकागोला मास्टर्ससाठी आला तेव्हा त्याची तिशी उलटलेली होती. मार्गदर्शक होते अँटन कार्लसन, त्या काळचे अमेरिकेतले बडे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. अडचण पाचक रसाची आहे हे स्कॉटने बरोबर हेरलं. त्याने आधी एक वाट चोखाळली: स्वादुपिंडाची नळी बांधून टाकायची, म्हणजे रस बनवणाऱ्या पेशी हळूहळू सुकून जातील आणि दुसरा, हवा तो भाग उरेल. पण पेशी पुरत्या सुकेनात, म्हणून त्याने ती वाट सोडली. (ही नळी बांधण्याची युक्ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) दुसरी वाट अल्कोहोलची. ताजी ग्रंथी कडक अल्कोहोलमध्ये टाकली की पाचक रस निकामी होतो. मग अल्कोहोल काढून टाकायचं, उरलेल्या भागाचा पाण्यात अर्क करायचा आणि तो टोचायचा. ज्यांची स्वादुपिंडं काढलेली होती अशा चार कुत्र्यांना त्याने हा अर्क दिला.

आता परिणाम मोजायचा कसा? इथे त्या काळच्या पोषणशास्त्राचा एक देखणा हिशोब कामी येत असे. स्वादुपिंड काढलेला कुत्रा उपाशी असला, किंवा त्याला नुसतं मांस घातलं, तर त्याच्या पोटात साखर-पिष्ट काहीच जात नाही. तरी लघवीत साखर येतच राहते. कुठून? शरीर प्रथिनं मोडून तिची साखर करतं आणि ती वापरता न आल्याने बाहेर टाकतं. प्रथिनं मोडली की त्यातलं नत्रही लघवीतूनच जातं. तेव्हा दिवसभराची लघवी गोळा करून साखर किती आणि नत्र किती हे मोजलं, की त्यांच्या गुणोत्तरावरून आतला जमाखर्च कळतो. मिंकोव्हस्कीने अशा कुत्र्यांसाठी हा आकडा 2.8 काढला होता, म्हणजे 1 ग्रॅम नत्रामागे 2.8 ग्रॅम साखर. आकडा खाली आला तर प्राणी काही साखर जाळू लागला असं मानायचं. एका पिंजऱ्याखालच्या भांड्यावरून जिवंत शरीराचा ताळेबंद मांडायचा ही कल्पना मला अजूनही फार आवडते.

स्कॉटच्या कुत्र्यांमध्ये आकडा खाली आला. अर्क दिल्यावर लघवीतली साखर घटली, गुणोत्तर उतरलं, काही काळाने पुन्हा चढलं. कुत्रे आधीपेक्षा तरतरीत दिसले, हेही त्याने नोंदवलं. 1911 मध्ये त्याने प्रबंध दिला. त्यात निष्कर्ष ठाम होता: स्वादुपिंडात साखरेचं नियमन करणारा अंतःस्राव आहे आणि योग्य रीतीने काढला तर तो अर्कात टिकतो. जानेवारी 1912 मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिऑलॉजी'त त्यावरचा पाचेक पानांचा लेख आला तेव्हा मात्र सूर बदललेला होता. दिसलेला परिणाम अंतःस्रावामुळेच झाला असं यावरून सिद्ध होत नाही, अशा अर्थाची सावध भाषा त्यात होती. हा बदल कार्लसन यांच्या आग्रहामुळे झाला.

इथे वाचकाला कार्लसन यांचा राग येतो. मलाही आला. नामांकित प्राध्यापकाने पोराचं पाऊल मागे खेचलं, अशी गोष्ट आपल्याला सांगायलाही आवडते आणि ऐकायलाही. पण हातात तेव्हा काय पुरावा होता हे पाहिलं की माझं मत बदलतं.

पुण्याच्या लोकांना हे पटकन कळेल. मुठेला पाणी सुटलं की शहरात बसून कळतं की खडकवासला भरलंय. पण नदीपात्र कोरडं असताना धरण निम्मं आहे की तळाला गेलंय हे पुलावर उभं राहून सांगता येत नाही. लघवीतल्या साखरेचं तसंच आहे. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की मूत्रपिंडाच्या सांडव्यावरून ती वाहू लागते. त्याखाली ती 170 असो, 90 असो की जीव जाईल इतकी कमी असो, लघवीत शून्यच दिसणार. आणि उलट बाजूनेही घोळ आहे. नदीचं पाणी कमी झालं ते धरणातली पातळी उतरली म्हणून, की कोणी दरवाजे थोडे खाली केले म्हणून? कच्चा, गढूळ अर्क शिरेत टोचल्यावर मूत्रपिंडांनाच इजा होऊन साखर आत अडत असेल तर? अर्काने ताप येऊन सगळा हिशोबच विस्कटला असेल तर? या शंका काल्पनिक नव्हत्या. थोड्याच वर्षांत जॉन मर्लिन आणि बेंजामिन क्रेमर या संशोधकांना स्वादुपिंडाच्या अर्काने साखर घटलेली दिसली, आणि मग कळलं की अर्कात मिसळलेला नुसता सोडाही तोच परिणाम दाखवू शकतो. स्कॉटचं अनुमान खरं होतं, पण त्याच्या आकड्यांवरून ते तसंच निघत होतं असं नाही. ऑफिसात माझ्याकडे कोणी एवढ्या पुराव्यावर 'बग सापडला' म्हणून कोड पाठवलं, तर मी ते मंजूर करणार नाही. कार्लसन यांनी तेच केलं.

उत्तर सांडव्यावर नव्हतंच, ते धरणात दोरी सोडून पातळी मोजण्यात होतं. रक्तातली साखर तेव्हा मोजता येत नव्हती असं नाही. पण एका मोजणीला भरपूर रक्त काढावं लागे. अर्क दिला, अर्ध्या तासाने मोजलं, पुन्हा तासाने मोजलं, असं करायचं तर कुत्रा मधुमेहाआधी रक्तस्रावाने जायचा. पुढच्या काही वर्षांत हे पालटलं. 1913 मध्ये स्वीडनमध्ये ईवार बांग यांनी काही थेंबांत साखर मोजायची पद्धत दिली. 1915 मध्ये लुईस आणि बेनेडिक्ट यांनी पिक्रिक आम्लाची सोपी रीत आणली: साखर जेवढी जास्त तेवढं द्रावण तांबूस, आणि तो रंग ठरावीक द्रावणाच्या रंगाशी डोळ्याने जुळवायचा. (बारावीपर्यंत विज्ञान शिकलेल्यांना निळ्याचं विटकरी होणारं बेनेडिक्टचं द्रावण आठवत असेल. माणूस तोच.) पुढच्याच वर्षी मायर्स आणि बेली यांनी तीत सुधारणा केली. या कामाला कोणी नोबेल दिलं नाही, शाळेच्या पुस्तकात त्याचा धडा नाही. मला मात्र अख्ख्या इन्सुलिनच्या इतिहासातलं हे सर्वांत महत्त्वाचं पाऊल वाटतं.

या दिरंगाईची किंमत कोण मोजत होतं तेही पाहायला हवं. 1914-15 पासून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फ्रेडरिक ॲलन यांनी उपासाचा उपचार सुरू केला. शरीराला साखर वापरता येत नसेल तर पोटात अन्नच कमी घालायचं. लघवीतली साखर पूर्ण थांबेपर्यंत रुग्णाला उपाशी ठेवायचं, मग मोजून-मापून थोडं थोडं अन्न वाढवायचं, साखर दिसली की परत उपास. भाज्या तीन-तीनदा उकळून पाणी फेकून द्यायचं, म्हणजे उरलंसुरलं पिष्टही जाईल. मोठ्या माणसांच्या सौम्य मधुमेहात याचा उपयोग होई. लहान मुलांच्या मधुमेहात मरण फक्त पुढे ढकललं जाई, तेही भुकेच्या बदल्यात. ॲलन यांच्या 1919 च्या ग्रंथात एका 12 वर्षांच्या अंध मुलाची नोंद आहे. इतकी काळजी घेऊनही त्याच्या लघवीत साखर का येते हे डॉक्टरांना उमगेना. शेवटी त्याने कबूल केलं की तो दात घासायची पेस्ट आणि पक्ष्याच्या पिंजऱ्यातले दाणे खात होता. ॲलन क्रूर नव्हते. त्यांच्याकडे असलेला हा सर्वोत्तम उपचार होता, आणि तोही लघवीच्याच खिडकीतून चालत होता.

आता टोरांटो. गोष्टीचा हा भाग अनेकांना माहीत असतो, म्हणून भराभर सांगतो. फ्रेडरिक बँटिंग या तरुण शल्यविशारदाला 1920 च्या ऑक्टोबरअखेर एका रात्री कल्पना सुचली: स्वादुपिंडाची नळी बांधायची, रस बनवणाऱ्या पेशी सुकू द्यायच्या, उरलेल्याचा अर्क काढायचा. होय, स्कॉटने सोडून दिलेलीच वाट. प्राध्यापक मॅक्लाउड यांनी प्रयोगशाळा दिली, कुत्रे दिले आणि मदतीला दोन विद्यार्थी दिले. त्यांनी नाणं उडवून पाळी ठरवली. पहिली पाळी चार्ल्स बेस्टची लागली आणि तोच शेवटपर्यंत राहिला. बेस्ट 22 वर्षांचा होता, नुकताच पदवीधर झालेला आणि मास्टर्स करू पाहणारा. त्याचं मुख्य काम मोजण्याचं. मायर्स-बेलीच्या सुधारित रीतीने रक्तातली साखर मोजायची, लघवीतली साखर आणि नत्र मोजायचं. ती रीत तोवर जेमतेम पाच वर्षांची होती.

30 जुलै 1921 च्या सकाळी 410 क्रमांकाच्या कुत्र्याला अर्क टोचला. रक्तातली साखर 0.20 टक्के होती, तासाभरात 0.12 झाली. आजच्या भाषेत दोनशेवरून एकशेवीस. नोंदवहीतल्या या दोन आकड्यांशी स्कॉटची दिवसभराची लघवी ताडून पाहा. मूत्रपिंडाला दोष द्यायला इथे जागाच नाही. मूत्रपिंडांनी साखर आत अडवली असती तर रक्तातली साखर वाढली असती, उतरली नसती. एका कुत्र्यावर सगळं सिद्ध झालं असं नाही, पुढे महिनोन्महिने चुका आणि पुनरावृत्ती होत राहिली. पण कुठे जायचं ते दर तासाला कळत होतं.

आणि मग मला सर्वांत गमतीचा वाटणारा भाग. नळी बांधण्याची बँटिंगची युक्ती अखेर लागलीच नाही. कुत्रे पुरेनात, वाट पाहायला वेळ पुरेना, तेव्हा वर्षअखेर ही मंडळी वळली ती कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या अख्ख्या स्वादुपिंडाकडे आणि अल्कोहोलकडे. म्हणजे स्कॉटच्या दुसऱ्या वाटेवर. 11 जानेवारी 1922 ला लेनर्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याचं वजन 65 पौंड, म्हणजे तीस किलोसुद्धा नव्हतं. साखर 440 वरून 320 पर्यंत उतरली, पण अर्क अशुद्ध होता आणि टोचलेल्या जागी गळू झालं. जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने अल्कोहोलचं प्रमाण टप्प्याटप्प्याने बदलत शुद्ध अर्क काढला. तो 23 जानेवारीपासून दिल्यावर एका दिवसात साखर 520 वरून 120 वर आली.

कॉलिपनेही मोजायचा एक मार्ग शोधला होता. निरोगी सशांना अर्क टोचून तो त्यांच्या रक्तातली साखर पाहत असे. अर्क जोरकस असला की सशांना झटके येत आणि ग्लुकोज दिलं की ते उठून बसत. साखर फार कमी होणं हीसुद्धा एक अवस्था आहे, हे इथे लख्ख दिसलं. बर्लिनच्या गेऑर्ग त्सुल्त्सर यांनी 1908 मध्येच अर्क रुग्णांवर वापरून छापला होता. पुढे 1914 च्या सुमारास त्यांच्या नव्या अर्काने प्राण्यांना झटके आले तेव्हा ते विष समजलं गेलं. आज इतिहासकारांना वाटतं की तो अर्क विषारी नव्हता, फार चांगला होता. झटका येत असताना कोणी थेंबभर रक्त तपासलं असतं तर? तितक्यात महायुद्ध आलं आणि ते काम थांबलं.

मोजणी आली की सगळं आपोआप होतं, असंही मला म्हणायचं नाही. न्यूयॉर्कमध्ये इझ्रायल क्लाइनर यांनी 1919 मध्ये रक्तातली साखर मोजूनच अर्काचा परिणाम दाखवला होता. ते संस्था सोडून गेले आणि काम तिथेच राहिलं. बुखारेस्टच्या पाउलेस्कू यांचा सविस्तर लेख 1921 च्या ऑगस्टमध्ये छापून आला, टोरांटोच्या आधी. टोरांटोकडे मोजणीशिवाय मॅक्लाउड यांच्यासारखा जाणता होता, कॉलिपसारखा रसायनकार होता, रुग्णालय हाकेच्या अंतरावर होतं आणि बँटिंगचा हट्ट होता. 1923 चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळालं. बँटिंगने आपल्या रकमेतला अर्धा वाटा बेस्टला दिला, मॅक्लाउड यांनी कॉलिपला. या वाटणीवरून झालेली भांडणं हा स्वतंत्र विषय आहे.

1922 च्या ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज नावाची मुलगी बँटिंगकडे आली. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची ही लेक 11 व्या वर्षी मधुमेही झाली आणि तेव्हापासून ॲलन यांच्या उपासावर जगत होती. 15 व्या वर्षी तिचं वजन 45 पौंड होतं, वीस किलो. इन्सुलिन मिळालं तेव्हापासून ती खाऊ लागली आणि 1981 पर्यंत जगली. ती तीन वर्षं उपाशी राहून टिकली म्हणून तिचं नाव आपल्याला माहीत आहे. 1911 ते 1921 मधल्या ज्या मुलांना तेवढा धीर निघाला नाही, त्यांची वजनं ॲलन यांच्या आणि इतरांच्या तक्त्यांत सापडतात.

स्कॉटचं पुढे काय झालं? तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. अर्काचं काम त्याने पुन्हा हाती घेतलं नाही. 1914 मध्ये त्याच नियतकालिकात त्याचा एक लांबलचक लेख आला, पहिल्याच्या कितीतरी पट मोठा. विषय होता, प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या परिस्थितीत प्राण्यांच्या रक्तात साखर किती असते. टोरांटोची बातमी जगभर झाल्यावर 1923 मध्ये त्याने अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आपल्या अग्रहक्काबद्दल पत्र लिहिलं. त्यातून काही निघालं नाही. तो 1966 मध्ये वारला. 1972 मध्ये त्याच्या पत्नीने, अलीटा स्कॉट यांनी, त्याच्या 1911 च्या कामावर एक छोटं पुस्तक काढलं.